पहिली ट्रॉली घेताना: काट्यापासून कापसाच्या गाडीपर्यंत

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की घरात महिनाभर चर्चा चालते. चार शोरूम पालथे घातले जातात, सोयऱ्याधायऱ्यांना फोन होतात, डिझेल किती खातो याची चौकशी होते. ट्रॉली मात्र तालुक्याच्या गावाबाहेरच्या एखाद्या वर्कशॉपमधून रंग पाहून उचलली जाते. 'डबाच तर आहे, त्यात काय पाहायचं?' ट्रॅक्टर चालवता येणं आणि भरलेली ट्रॉली चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मग पहिल्या हंगामात, बहुधा एखाद्या उतारावर, ध्यानात येतं.

आजवर बंडी हाकली, गरजेला भाड्याचा ट्रॅक्टर लावला आणि आता घरची ट्रॉली घेतोय, अशा शेतकऱ्यासाठी हे लिहितो आहे. मग तो वऱ्हाडातला असो, यवतमाळ-वर्ध्याकडचा असो की भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातला. बाकीचं विसरलात तरी चालेल, एक प्रश्न मात्र कायम डोक्यात ठेवा. आपला ट्रॅक्टर किती ओढतो, हा तो प्रश्न नव्हे. ओढायला सगळेच ओढतात. तो थांबवू किती शकतो? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या दोन मोठ्या चाकांनीच रोखायचं असतं, आणि ते वजन उतारावर पुढे ढकलत राहतं.

आधी काटा, मग वर्कशॉप

४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा आरसीवर सापडेल. आता ट्रॉलीकडे वळा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच फाळक्यांची (डब्याच्या बाजूच्या पत्र्यांची) ट्रॉली म्हणजे १२० घनफूट जागा. ती काठोकाठ सोयाबीनने भरली तर माल अडीच टनांच्या आसपास जातो. त्याच ट्रॉलीत एक ब्रास म्हणजे १०० घनफूट कोरडी वाळू टाकली तर साडेचार टन होतात, ओली असेल तर आणखी वर. हजार विटा साधारण तीन टन. कापसाचं गणित उलटं आहे. फाळक्यांच्या कितीतरी वर रचावा तेव्हा कुठे तो सोयाबीनच्या वजनाला पोचतो. त्याचा धोका वजनात नसून उंचीत आहे. त्याबद्दल पुढे.

रिकामी ट्रॉलीही हलकी नसते. डंपिंगची, जाड पत्र्याची असेल तर टनाच्या वर सहज जाते. म्हणजे एक ब्रास वाळू भरून निघालेल्या गाडीत दोन टनांचा ट्रॅक्टर साडेपाच-सहा टनांना ब्रेक मारत असतो. सपाटीवर, कोरड्या डांबरावर, चुकून काही आडवं आलं नाही तर हे निभतं. गावात रोज निभताना दिसतं, म्हणूनच नवखा माणूस फसतो.

म्हणून ट्रॉली घरी आणायच्या आधी एक काम करा. वर्कशॉपमधून ती रिकामीच जवळच्या वजनकाट्यावर न्या आणि पावती घ्या. किरकोळ पैसे लागतात. पुढे कधीही माल भरल्यावर काट्यावर उभं राहिलात की वजाबाकी तोंडपाठ होते. बिनब्रेकच्या ट्रॉलीसाठी पहिल्या हंगामापुरता माझा ठोकताळा असा, की ट्रॉली आणि माल मिळून ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीवर जाऊ द्यायचं नाही. गावातले जुने ड्रायव्हर यावर हसतील. हसू द्या. आरसीवर ट्रॉलीचं जे एकूण वजन लिहिलेलं असतं ती कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. पण दंड परवडला, असं म्हणायची वेळ उतारावर येते.

दोन चाकी की चार चाकी

घरच्या शेतीसाठी, पांदण रस्त्यावर आणि लहान वावरात फिरवायला, दोन चाकी हायड्रॉलिक ट्रॉली घ्या. ती चटकन वळते, रिव्हर्स घेता येते आणि जॅकने खाली होते. चार चाकीचं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं, हुकावर कमी येतं, त्यामुळे लांबच्या सरळ वाहतुकीला ती बरी. मात्र तिची पुढची चाकंही वळतात, त्यामुळे रिव्हर्स घेताना दोन ठिकाणी मोडते. नवख्याच्या हातात ती मार्केट यार्डात आडवी झाली की मागे रांग लागते आणि सगळे शहाणे खिडकीतून सल्ले देऊ लागतात.

वर्कशॉपमध्ये रंगाकडे पाहू नका, खाली वाका. चेसिसचे चॅनल सलग आहेत की मध्येच जोड दिलाय? हुकाच्या दांड्याला जिथे वेल्डिंग आहे तिथे आडव्या पट्ट्या मारून आधार दिलाय का? वेल्डिंग एकसारखं चालत गेलंय की थेंबथेंब पडलंय? कमानपाटे नवे आहेत की ट्रकचे जुने काढून लावलेत? एक्सल कुठल्या जुन्या गाडीचा आहे, हे सरळ विचारा. जुना एक्सल लावणं हा काही गुन्हा नाही, पण नव्याच्या भावात तो घेऊ नका. जॅक उचलून पाच मिनिटं वर ठेवायला सांगा. डबा आपोआप खाली बसू लागला तर सील गळतंय. मागचा फाळका उघडा, लावा, पुन्हा उघडा. त्याची कडी एका हाताने बसत नसेल तर ती वाटेत निघणार.

चाकांकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. ट्रॉलीला रबर चढवलेले जुने टायर लावून देणं ही रीतच झाली आहे. टायरच्या बाजूला बारीक चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. ३२२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी नवी आणि आकडे दहा वर्षांपूर्वीचे, असं दिसलं तर टायर बदलून मागा किंवा भाव पाडा. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांत डांबर तापतं, तेव्हा जुनं रबर दगा देतं. स्टेपनी सौद्यातच धरा. नंतर ती कोणी घेत नाही.

कागद

ट्रॉलीला स्वतःचा नंबर लागतो. ट्रॅक्टरचाच नंबर मागे रंगवून चालत नाही, जरी यवतमाळच्या एमएच-२९ पासून गडचिरोलीच्या एमएच-३३ पर्यंत तसं रंगवून फिरणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. आरटीओत नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज, विकणाऱ्याचं फॉर्म २१ आणि बनवणाऱ्याचं फॉर्म २२ लागतं, सोबत विमा. हे शेवटचे दोन फॉर्म तोच देऊ शकतो, ज्याच्या मॉडेलला मंजुरी आहे. त्यामुळे सौदा करण्याआधी पहिला प्रश्न हाच असू द्या: 'भाऊ, पासिंग होते का?' 'होऊन जाईल' हे उत्तर नव्हे. मंजुरीचा कागद दाखवा म्हणावं. दहा-वीस हजार स्वस्त पडणारी बिनापासिंगची ट्रॉली पहिल्या अपघातापर्यंतच स्वस्त असते.

विम्याच्या कागदावर ट्रॅक्टरसोबत ट्रॉलीचा नंबर वेगळा लिहिलेला आहे का, हे स्वतः वाचा. एजंटने सांगितलं यावर राहू नका. अपघातात माणूस ट्रॉलीखाली आला आणि पॉलिसीत ट्रॉलीच नाही, तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईचा दावा तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येतो. तसंच, शेतीकामासाठी नोंदवलेली ट्रॉली भाड्याने विटा-गिट्टी वाहायला लावली तर त्या फेरीतला दावा अडकतो. भाड्याचाच धंदा करायचा असेल तर नोंदणी आणि विमा तसाच घ्या.

लायसन्सची फार चिंता नको. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच साडेसात टनांच्या आतला ट्रॅक्टर येतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर त्या वजनाच्या आतली वाहतुकीची गाडीही चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केलं. चिंता करायची ती लायसन्सच नसलेल्या पुतण्याची. तो चालवतो चांगला, हे खरंच असेल, पण विमा कंपनी ते मानत नाही.

अनुदान घ्यायचं असेल तर घाई करू नका. महाडीबीटीवर अर्ज केल्यावर पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी केली तर ते बिल चालत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचतगटांसाठी समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. त्यात ट्रॅक्टरसोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर येतो, आणि साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. मिनी ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली लावायचा मोह मात्र होऊ देऊ नका. त्याचं वजन आणि ब्रेक दोन्ही लहान आहेत.

जोडणं आणि सोडणं

हे काम दोन मिनिटांचं दिसतं. बोटं आणि पाय बहुधा याच दोन मिनिटांत जातात.

सपाट जागा पाहा. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी गुटके लावा. दांडा स्टँडवर ट्रॅक्टरच्या हुकाच्या उंचीला आणा. आता एकाने ट्रॅक्टर अगदी हळू मागे घ्यायचा आणि दुसऱ्याने बाजूला, ड्रायव्हरला दिसेल अशा जागी उभं राहून खुणा करायच्या. मधे कोणी उभं राहायचं नाही. भोकं जुळली की ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक लावायचा, 'हो' म्हणायचं, आणि मगच दुसऱ्याने आत शिरून पिन टाकायची. पिनेला खालून क्लिप हवीच. क्लिपऐवजी तारेचा तुकडा किंवा खिळा वाकवून लावलेली ट्रॉली पाहिली की मला घाम फुटतो. पांदणीच्या खड्ड्यात पिन उसळते, तार तुटते आणि ट्रॉली तिच्या मनाने जाते. पिनेशिवाय एक जाड साखळीही ट्रॅक्टर आणि दांड्यात अडकवून ठेवा. वळणावर ताणणार नाही, पण पिन निघाली तर दांडा जमिनीत घुसणार नाही, एवढी ढिली.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकाला जोडायची. वर टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढलं, की जोर मागच्या एक्सलच्या वरून लागतो, पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर पाठीवर उलटतो. फसलेली ट्रॉली काढताना घाईत हेच केलं जातं.

जोडून झालं की हायड्रॉलिकचा पाइप पुसून बसवा, लाइटची वायर लावा, स्टँड वर करा, दगड काढा. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेकचे दोन्ही पेडल मधल्या पट्टीने एकत्र लॉक करा. वावरात वळताना एका चाकाचा ब्रेक मारायची सवय असते, म्हणून पट्टी उघडी राहते. भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते.

मोकळ्या वावरात

पहिल्यांदा रिकामी ट्रॉली घेऊन नांगरटीआधीच्या एखाद्या पडीक वावरात जा. काठ्या रोवून दहा फुटांचं दार करा आणि त्यात मागे घालायचा सराव करा. दोन चाकी ट्रॉलीत स्टेअरिंग डावीकडे फिरवलं तर ट्रॉलीचं शेपूट उजवीकडे जातं. डोक्याला हे पटायला वेळ लागतो. स्टेअरिंग थोडं फिरवा, ट्रॉली वळू लागली की लगेच तिच्यामागे ट्रॅक्टर सरळ करा. चुकलं तर तिथेच फिरवत बसू नका, पुढे येऊन सरळ व्हा आणि पुन्हा मागे घ्या. कोपऱ्यात दांडा मोठ्या टायरला टेकेपर्यंत ओढला तर टायर फाटतो नाहीतर दांडा वाकतो.

पुढे जाताना लक्षात ठेवायचं ते वळण. ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, ती आतून कापतात. गावातल्या चौकात ओट्याचा कोपरा, पाण्याचा नळ, उभी मोटारसायकल, सगळं त्या आतल्या बाजूला असतं.

माल भरताना

दोन चाकी ट्रॉलीत वजन एक्सलच्या किंचित पुढे असावं. सगळं मागे भरलं तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होऊन ती घसरतात आणि ट्रॉली रस्त्यावर डुलू लागते. सगळं पुढे भरलं तर हूक दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. भरल्यावर दहा पावलं मागे जाऊन बाजूने पाहा. ट्रॅक्टरचं तोंड वर आलेलं दिसलं तर चार पोती मागे सरकवा.

कापूस हा आपला खास विषय. दिवाळीनंतर जिनिंगसमोर रात्रभर लागलेल्या रांगेत एकेक ट्रॉली दुमजली दिसते. फाळक्यांच्या वर बांबू उभे करून, जाळी लावून, तुडवत तुडवत रचलेली. अशी गाडी सपाटीवर नीट चालते आणि रस्त्याच्या कडेला एक चाक उतरलं की कलंडते. रचताना मधोमध तुडवा, कडेला फुगवू नका, रुंदी फाळक्यांच्या फार बाहेर जाऊ देऊ नका. बांधायला पोत्याची प्लास्टिक सुतळी वापरू नका, तिचे धागे कापसात मिसळतात आणि ग्रेडरच्या हाताला लागले तर भाव पडतो. वरून ताडपत्री हवी, कारण अवकाळीचा भरवसा नाही आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावरून माल परत येतो. पण सकाळच्या दवात वेचलेला कापूस भरून लगेच झाकूही नका. आधी वाळू द्या.

उंच गाडीसाठी विजेच्या तारा हा वेगळा शत्रू आहे. वावरातून जाणाऱ्या तारा उन्हाळ्यात आणखी झोळतात. कापूस असो, तुरीचं कुटार असो की पऱ्हाटीचा भारा, वर बसलेल्या माणसाला त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. नेहमीच्या वाटेवर तारा कुठे खाली आहेत हे रिकाम्या ट्रॉलीने जाताना पाहून ठेवा, आणि भरलेल्या गाडीच्या वर कोणालाच बसवू नका. बिडी पिणाऱ्याला तर जवळही नको.

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचे कॅरेट भरताना थर एकमेकांत अडकवून रचा आणि दोर आडवा-उभा दोन्हीकडून घ्या. वजनापेक्षा धक्क्याने जास्त नुकसान होतं, म्हणून टायरची हवा थोडी कमी ठेवायचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. कमी हवेचा टायर तापून फुटतो.

वाळू आणि मुरूम यांबद्दल एकच सांगतो. परवान्याशिवाय एक फेरीही नको. महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदार ट्रॅक्टरसकट ट्रॉली जप्त करतो, मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी सोडवायचा जातमुचलका वेगळा. 'घरकुलासाठी एकच ट्रिप मारून दे ना' म्हणणारा त्या दिवशी तहसीलसमोर दिसत नाही. ट्रॉलीला उन्हाळ्यात काम हवंच असेल तर गावतलावातला गाळ उपसणं चांगलं. गाळमुक्त धरण योजनेत ते रीतसर होतं आणि वावरालाही खत मिळतं.

रस्ता, उतार, रात्र

समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे, तिकडे चढायचंच नाही. धोका आहे तो जुन्या हायवेवर. अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर विक्रमी वेळात टाकला गेला. आता तिथे मोटारी शंभराच्या वेगाने येतात आणि आपण वीस-पंचविसाने चाललेले. मागून येणाऱ्याला तुम्ही थांबलेलेच दिसता, तेही दिसलात तर. म्हणून मागच्या फाळक्यावर आडवी लाल रेडियमची पट्टी, दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या, लाल दिवे आणि इंडिकेटर हवेतच. पऱ्हाटी किंवा कुटार मागे लोंबत असेल तर दिवे झाकले जातात. तेव्हा लोंबणाऱ्या टोकालाच रेडियमचं फडकं बांधा. रात्री बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर सोडून चहा प्यायला जाऊ नका. बाजूला ओढता येत नसेल तर शंभर पावलं मागे एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. रस्त्यावर दगड मांडून ठेवायची आणि जाताना ते तसेच सोडायची सवय मोडा, त्यावर मोटारसायकलवाले पडतात.

उताराचा नियम एकच. वरच थांबून खालचा गिअर टाका आणि तोच गिअर खालपर्यंत ठेवा. बुलढाण्याचा राजूर घाट असो की चिखलदऱ्याचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस पहिल्या वळणाआधी ब्रेक तापवून बसतो. मध्येच गिअर बदलायला क्लच दाबला तरी तेच होतं. ट्रॉली ढकलते आणि गिअर पुन्हा बसत नाही. चढावर गाडी दमली तर हळू थांबवा आणि ब्रेक धरून ठेवा. सोबतच्याने बाजूने येऊन ट्रॉलीच्या चाकामागे गुटका लावायचा, ट्रॉलीच्या मागे उभं राहून नव्हे.

पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जात असेल तर थांबा. ट्रॅक्टर उंच आहे म्हणून तो निघेलही, पण मागच्या रिकाम्या डब्याला पाणी बाजूला ढकलतं आणि तो ट्रॅक्टरला घेऊन जातो.

डबा खाली करताना

जागा सपाट आणि टणक पाहिजे. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर एक चाक खचलेल्या ट्रॉलीचा डबा उचलला, तर माल मागे सरकायच्या ऐवजी गाडी आडवी होते. आधी वर पाहा, तारा नाहीत ना. मग मागचा फाळका उघडा, आणि मगच जॅक मारा. ओला गाळ किंवा शेणखत पुढच्या कोपऱ्यात चिकटून राहतं. ते हलवायला डबा वर असताना खाली शिरून फावडं मारू नका. पाइप फुटला तर डबा एका क्षणात खाली येतो. ग्रीसिंगसाठी किंवा दुरुस्तीसाठी खाली जायचंच असेल तर लोखंडी टेका लावूनच. आणि जॅक ट्रॅक्टरचंच ऑइल ओढतो हे विसरू नका. डबा पूर्ण वर जात नसेल तर आधी ट्रॅक्टरची ऑइलची पातळी बघा, मिस्त्री नंतर.

माणसं

निंदणाला जाणाऱ्या बाया, सोयाबीन सोंगणीची टोळी, लग्नाची वरात, सगळे ट्रॉलीतच बसतात. कायद्याने ट्रॉली ही माल वाहायची गाडी आहे आणि विमाही तसाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात हळद काढायला निघालेल्या बाया बसलेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि सात जणी बुडाल्या. आपल्याकडेही कठडा नसलेल्या विहिरी धुऱ्याला लागूनच असतात. मजुरांसाठी ऑटो लावा, चार फेऱ्या करा, भाडं मालकाने द्यावं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधला दांडा. पोरं तिथे उभी राहतात, सालदारही राहतो. पाय घसरला तर वाचत नाही. 'उतर' म्हणायला संकोच वाटत असेल तर गाडी सुरूच करू नका. मडगार्डवर कोणी बसलं असेल तरी तेच.

चाकं, ग्रीस आणि पावसाळ्याची सोय

नव्या ट्रॉलीच्या पहिल्या भरलेल्या फेरीनंतर सगळ्या चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळा, ते हमखास ढिले झालेले असतात. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर उतरून हबजवळ हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा चटका बसेल इतका तापला असेल तर बेअरिंग कोरडं आहे किंवा जास्त आवळलं आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. उन्हात चाललेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती सोडू नका.

ट्रॉलीत एक लाकडी पेटी कायम असू द्या: दोन गुटके, भरलेली ट्रॉली उचलेल असा जॅक, नटाचा पाना आणि त्यावर घालायला लांब पाइप, जादा पिन आणि क्लिप, टॉर्च, रेडियमचं फडकं, दहा मीटर जाड दोर.

पेरणी आटोपली की ट्रॉली बहुतेकांच्या गोठ्याबाहेर पावसात उभी राहते. डब्यातली माती आणि शेणखत धुऊन काढा, नाहीतर पत्रा कोपऱ्यांतून खातो. डबा पुढून किंचित वर ठेवून मागचा फाळका उघडा ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. एक्सलखाली लाकडाचे ठोकळे लावून चाकं जमिनीपासून सुटी करा आणि टायर पोत्यांनी झाका. हुकाला, फाळक्याच्या बिजागऱ्यांना आणि जॅकच्या दांड्याला ग्रीस फासा. नवरात्रात ट्रॉली बाहेर काढाल तेव्हा आधी दिवे लावून पाहा, कारण तोवर उंदरांनी वायर कुरतडलेली असते.